धुतलेली बाटली

आमच्या बाळ्यानं, म्हणजे माझ्या धाकट्या भावानं, गेल्या दिवाळीत सगळ्या भावंडांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'सोन्याचे दिवस'. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यावर फोटो आला. काचेची दुधाची बाटली, जाड ओठाची, तोंडावर चकचकीत बूच, आणि खाली बाळ्याची ओळ : आठवतंय का ते निर्भेळ दूध? बोटभर साय यायची! त्याखाली सतरा अंगठे. माझ्या मावसबहिणीनं तर डोळ्यांत पाणी आलेला चेहराही टाकला.

मी काहीच टाकलं नाही. सत्तरी आल्यावर माणसानं सकाळी सकाळी भांडण काढू नये. पण दिवसभर डोक्यात तेच घोळत राहिलं. बाळ्याला साय आठवते, कारण ती त्याच्या कपात पडायची. ती बाटली चौथ्या मजल्यावर कशी यायची हे त्याला ठाऊक असायचं काही कारणच नाही. तो साडेसातला उठायचा.

मला बाटली आठवते ती तळाकडून. १९७३ ते ७५ अशी दोन वर्षं मी लालबागला दुधाच्या केंद्रावर पहाटेचं काम केलं. तेव्हा मुंबईभर अशा केंद्रांवर कॉलेजात शिकणारी मुलंमुली अर्धवेळ कामाला असायची. बाबा गिरणीत, घरात आम्ही चार भावंडं, त्यामुळे माझी फी त्या कामातून निघायची. रस्त्याच्या कडेला एक टपरी, आत एक टेबल, डोक्यावर एक पिवळा बल्ब. दुधाची गाडी यायच्या आधी तिचा आवाज यायचा. तारेच्या जाळीच्या क्रेटमध्ये बाटल्या एकमेकींवर आपटत यायच्या, आणि तो किणकिणाट ऐकला की रांगेत भिंतीला टेकून डुलक्या घेणाऱ्या बायका ताठ व्हायच्या. 'गाडी आली' हे दोन शब्द रांगेच्या टोकापर्यंत जायला दोन सेकंदं लागत नसत.

काम सोपं होतं. कार्ड बघायचं, रिकामी बाटली घ्यायची, भरलेली द्यायची, सुटे पैसे मोजायचे. यातली रिकामी बाटली घेणं हेच काय ते कसबाचं. आधीच्या ताईंनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं : बाटली उलटी धर आणि बल्बसमोर ने. नीट धुतलेली असेल तर तळातून उजेड आरपार येतो. घाईत विसळलेली असेल तर तळाच्या कडेला पांढरट कडं दिसतं, ढगासारखं. कडं दिसलं की परत. 'धुऊन आणा, बाई.' मग त्या बाईनं काय करायचं? चार मजले चढून घरी जायचं, नाही तर शेजारच्या इराण्याकडे पाणी मागायचं, आणि परत येईपर्यंत तिचा नंबर गेलेला. अठरा वर्षांच्या मुलीच्या हातात एवढी सत्ता पुन्हा कधी येत नाही. मी ती वापरली.

रांगेत माणसं कमी आणि वस्तू जास्त असत. पिशवी, वीट, फुटकी बादली, चिंधी बांधलेली रिकामी बाटली. आमच्या भागात नळाला पाणी यायचं तेही पहाटेच, साडेचारच्या सुमारास, आणि दुधाची गाडीही त्याच वेळेला. एका बाईला दोन ठिकाणी उभं राहता येत नाही. म्हणून दुधाच्या रांगेत पिशवी आणि नळावर बाई, किंवा उलटं. कुठली वीट कुणाची हे सगळ्यांना पाठ. चुकून कुणी वीट सरकवली तर जे भांडण व्हायचं त्यातल्या शिव्या मी इथे लिहीत नाही. कोकणातल्या आहेत, फार चांगल्या आहेत, पण लिहीत नाही. आई माझ्याबरोबरच घरून निघायची. अंधारात तरुण मुलीनं एकटीनं जाऊ नये हे एक कारण, आणि रांगेत पहिला नंबर मिळावा हे दुसरं. यातलं खरं कुठलं हे मी तिला कधी विचारलं नाही.

बुचं पातळ पत्र्याची, रंगीत. मुलं ती साठवायची, नखानं सपाट करायची आणि दोऱ्यात ओवून गणपतीच्या मखराला माळा करायची. बाळ्याच्या आठवणीत ही माळ पक्की आहे. ती खरोखर सुंदर दिसायची. समईच्या उजेडात सगळा कोपरा लखलखायचा. हे मी नाकारत नाही.

पण 'निर्भेळ' म्हणाल तर थांबा. आमच्या केंद्रावर सगळ्यात जास्त जायचं ते टोण्ड दूध. ते काय असतं? म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश. त्यात पाणी आणि स्निग्धांश काढलेल्या दुधाची पावडर मिसळायची, आणि स्निग्धांश तीन टक्क्यांवर आणायचा. एका लिटरचं जवळजवळ दोन लिटर होतं आणि गरिबाला परवडतं. ही युक्ती दारा खुरोडी यांची. मुंबई सरकारच्या दूध योजनेचा हा पारशी अधिकारी. 'टोण्ड' हे नावही त्यांचंच. चाळीसच्या दशकात मुंबईत हे दूध निघालं आणि मग देशभर पसरलं. पावडर बहुतेक परदेशातून यायची. १९७० मध्ये दूधमहापूर योजना सुरू झाली तीही जागतिक अन्न कार्यक्रमानं फुकट दिलेल्या पावडरीवर आणि बटर ऑइलवर : सव्वा लाख टनांच्या वर पावडर आणि बेचाळीस हजार टन बटर ऑइल. ती विकून आलेल्या पैशांतून गावोगावच्या दूध संस्था उभ्या राहिल्या. तेव्हा बाळ्याच्या निर्भेळ दुधात युरोपातल्या गाई होत्या आणि मुंबई महापालिकेच्या तलावांचं पाणी होतं. मी यात वाईट काही म्हणत नाही. मला तर ती योजना त्या काळातलं एक शहाणपणाचं काम वाटते. खुरोडी, वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल या तिघांना मिळून १९६३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो उगाच नाही. पण तीन टक्क्यांच्या दुधाला बोटभर साय येत नाही. आमची आई तापलेलं दूध पातेल्यात रात्रभर न हलवता ठेवायची आणि सकाळी चमच्यानं कडेकडेनं गोळा करून ती एकाच कपात घालायची. बोटभर साय म्हणतात ती अशी व्हायची.

आमची आजी मात्र त्या सरकारी दुधाला पांढरं पाणीच म्हणायची. तिचे सोन्याचे दिवस आणखी मागचे. भैया खांद्यावर हंडा घेऊन दारात यायचा, मापट्यानं मोजून दूध द्यायचा आणि वर एक धार जास्त ओतायचा. त्या जास्तीच्या धारेवर आजी शेवटपर्यंत फिदा होती. 'मापावर वर घालणारा माणूस गेला तो गेलाच,' असं म्हणायची. आमच्या केंद्रावर वर घालायची सोय नव्हती हे खरंच. बाटली ती बाटली.

तर मग आजीचं दूध कसं होतं? त्या वेळी म्हशी शहरातच असायच्या. गिरणगावात, भायखळ्याला, माहीमला, दाटीवाटीच्या वस्तीत तबेले. म्हैस गुजरातेतून, पंजाबातून व्यालेली आणायची, दूध देईल तोवर पोसायची, आणि आटली की कसायाला. शहरात भाकड म्हैस पोसणं कुणाला परवडणार? रेडकू तर जगवतच नसत. ते प्यायलेलं दूध म्हणजे मालकाचं नुकसान. तबेल्यातलं शेण गटारात, आणि गटाराच्या कडेलाच धार काढायची. कुरियन यांनी आपल्या आत्मचरित्रात एक किस्सा सांगितला आहे : इंग्रजांनी मुंबईच्या दुधाचा नमुना तपासायला लंडनला पाठवला, तेव्हा तिकडून अभिप्राय आला की हे दूध लंडनच्या गटारातल्या पाण्याहून घाण आहे. आजीला मी हे एकदा ऐकवलं. ती म्हणाली, 'मग मी मरलंय काय?' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिची दोन मुलं लहानपणीच हगवणीनं गेली होती हे मला ठाऊक होतं, पण ते तिच्या तोंडावर म्हणायचं धाडस कुणाला होणार?

आरे कॉलनी झाली ती या तबेल्यांवर तोड म्हणून. १९४९ मध्ये गोरेगावजवळ सरकारनं तीन हजार एकरांवर जमीन घेतली, म्हशी तिकडे हलवल्या. तबेले नीट बांधलेले, कुरण, पाणी, दूध तापवून थंड करायची यंत्रं. १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं. त्याच्याही आधी, दुसरं महायुद्ध संपता संपता, सरकारनं गुजरातेतल्या आणंदहून दूध मुंबईला आणायला सुरुवात केली होती, चारशेवर किलोमीटर, रेल्वेनं. ते दूध गोळा करायचा मक्ता पोल्सन कंपनीकडे होता. खेड्यातला शेतकरी म्हणाला, आम्हाला काय मिळतं? आणि १९४६ मध्ये खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी पंधरा दिवस मुंबईला दुधाचा थेंब जाऊ दिला नाही. त्या संपातून त्यांचा संघ उभा राहिला, तोच पुढे अमूल. मुंबईच्या घरोघरी त्या पंधरा दिवसांत चहा काळा झाला असेल. मुंबईकराच्या आठवणीत ते वाईट दिवस, आणि खेड्यातल्या पाटीदाराच्या घरात नातवंडांना अभिमानानं सांगायचे दिवस. दिवस तेच.

आजी एका बाबतीत बरोबर होती, आणि ते कबूल केलं पाहिजे, कारण मी पुढे बँकेत आकडे लिहिण्यात जन्म घालवला. १९५० च्या सुमारास देशात माणशी रोज साधारण १३० ग्रॅम दूध होतं. १९७० च्या सुमाराला ते ११० च्या आसपास आलं. माणसं वाढली, म्हशी तेवढ्या वाढल्या नाहीत. म्हणजे मी केंद्रावर उभी होते तेव्हा, 'आमच्या वेळी दूध जास्त होतं' असं म्हणणारी म्हातारी माणसं हिशेबानं खरं बोलत होती. आज तोच आकडा ४७० च्या वर गेला आहे. २०२३-२४ चा ४७१ ग्रॅमचा आहे. बाळ्या ज्या दिवसांना सोन्याचे म्हणतो ते दुधाच्या बाबतीत स्वातंत्र्यानंतरचे सगळ्यात कोरडे दिवस होते. सरासरीत सगळं दिसत नाही हे मलाही कळतं. कुणाच्या ४७० मध्ये पनीर टिक्का आहे आणि कुणाच्या घरात आजही काळा चहा आहे. पण रांग गेली, ती कुणाच्या आशीर्वादानं नाही, या आकड्यामुळे गेली.

आता उन्हाळ्याचं सांगते. दूध धंद्यातली माणसं वर्षाचे दोन भाग करतात, पुष्टकाळ आणि कृशकाळ. म्हशी बहुतेक पावसाळ्यापासून थंडीपर्यंत वितात, तेव्हा दुधाला भर. उन्हाळा आला की चारा संपतो, म्हशी आटतात. मे महिन्यात गाडीतून क्रेट कमी उतरायचे आणि रांग मात्र तेवढीच, किंबहुना पाहुणे आल्यामुळे जास्तच. त्यातून १९७२ चा दुष्काळ अजून अंगावर होता. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकरीला घरातले सगळे नाकं मुरडायचे आणि खायचे. त्याच साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरोधात बायकांना रस्त्यावर आणलं, लाटणी घेऊन. आमच्या चाळीतल्या दोघी गेल्या होत्या. आई गेली नाही, तिला नळ चुकवता येत नव्हता. पण तिनं आपलं लाटणं एकीला दिलं होतं, आणि ते परत आल्यावर चार दिवस त्यानं पोळ्या लाटल्या नाहीत. का, ते तिचं तिलाच माहीत.

१९७४ चा मे. रेल्वेचा देशभराचा संप चालू होता, गिरणी कामगारांचा बेचाळीस दिवसांचा संप त्याच वर्षी होऊन गेला होता, घरात उधारी होती. मी टेबलाखाली, गोणपाटाआड, रोज एक बाटली बाजूला ठेवायला लागले होते. घरच्यासाठी. आई तोवर रांगेत पुढं असायची, पण त्या महिन्यात तिला ताप येत होता, आणि बाळ्या दहावीत जायचा होता. चोरी म्हणावी तर कार्ड आमचं होतं, पैसे मी भरत होते. फक्त नंबर लावलेला नव्हता. एवढंच.

एके दिवशी साडेसहाला क्रेट रिकामे झाले. रांगेत अजून दहा-बारा जणी होत्या. पुढच्या बाईच्या कडेवर मूल होतं, वर्षाचं असेल नसेल, तोंडात स्वतःची मूठ. हिरवं पातळ, गळ्यात काळी पोत. तिनं बाटली पुढं केली. मी सवयीनं ती घेतली, उलटी केली, बल्बसमोर धरली. एवढी स्वच्छ बाटली मी त्या दोन वर्षांत दुसरी पाहिली नाही. राखेनं घासून, गरम पाण्यानं धुऊन आणली असणार. तळातून बल्बची तार दिसत होती. मी ती तिला परत दिली आणि म्हटलं, 'संपलं.' ती काही बोलली नाही. मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. पायाशी गोणपाटाआड बाटली होती, माझ्या पोटरीला तिचा गारवा लागत होता.

बाळ्याच्या कपात त्या दिवशीही साय होती.

हे मी ग्रुपवर लिहिलेलं नाही. तिथं एकदा वादाचा विषय निघालाच. मामेभावानं लिहिलं, तेव्हा माणुसकी होती, एका घरी दूध नसलं तर शेजारी वाटी भरून द्यायचा, जातपात कुणी पाहत नव्हतं. वाटीचं खरं आहे. वाट्या फिरायच्या. डाळीची वाटी जायची, साखरेची यायची. पण त्या कुठल्या दारापासून कुठल्या दारापर्यंत फिरायच्या हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सांगावं लागत नसे.

आणि जातपात? जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळी पेटल्या. दलित पँथरची सभा, तिच्यावर दगडफेक, मग पुढं कित्येक दिवस दंगल. १० जानेवारीला निषेधाचा मोर्चा परळमधून जात असताना वरून दळण-वाटणाचा दगड फेकला गेला आणि भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता मारला गेला. आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या दिवशी संध्याकाळी आईनं पाट्यावर वाटण वाटलं नाही. मिरची खलबत्त्यात कुटली. आमच्या चाळीतल्या प्रत्येक घरात पाटा होता, आणि त्या रात्री प्रत्येक घरात कुणी ना कुणी त्याच्याकडे पाहिलं असेल. 'सोन्याचे दिवस'वर मागच्या महिन्यात पाटा-वरवंट्याचाही फोटो येऊन गेला. मिक्सरच्या चटणीला ती चव नाही, म्हणे. चव नाहीच. पण तो फोटो बघून मला चटणी आठवली नाही.

मग मला त्या दिवसांतलं काहीच हवंसं वाटत नाही का? वाटतं ना. एक म्हणजे काचेची बाटली. प्लास्टिकची पिशवी आली ऐंशीच्या दशकात; फाडायची, कोपरा तोंडानं तोडायचा, रिकामी गटारात. २००५ च्या २६ जुलैच्या पुरात गटारं का तुंबली हे विचारायला तज्ज्ञ नको. दुसरं म्हणजे भोंगा. बाबांच्या पाळीचा भोंगा झाला की सगळ्या रस्त्याला कळायचं आता काय वाजले. बाबांना नोकरी कायमची होती आणि ती त्यांच्या चालण्यात दिसायची. शेजारचे काका मात्र बदली कामगार. रोज सकाळी गिरणीच्या फाटकावर जायचं, कुणी गैरहजर असला तर काम, नाही तर घरी. ते तसे पंधरा वर्षं गेले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि कायमचे आणि बदली दोघेही एकाच ओळीत आले. बाबा दोन वर्षं फाटकाकडे न जाता घरात बसले, मग गावी गेले. ते कधी 'तेव्हा बरं होतं' असं म्हणाले नाहीत. गिरणी आठवली की फक्त खोकायचे. कापसाची धूळ.

तिसरी गोष्ट सांगायला जरा लाज वाटते. मला ती रांगच आठवते. शिव्या, विटा, अंधार यांसकट. पहाटे चारला त्या बायका जे बोलायच्या ते घरात कुठंच बोलत नसत. घरात दहा बाय बाराच्या खोलीत सासू, दीर, मुलं, भिंतीला भिंत. रांगेत मात्र पाऊण तास ऐकायला फक्त बायकाच. कुणाला दिवस गेलेत, कुणाला ते नकोत, कुणाचा नवरा पगार देत नाही, डॉक्टरीण कुठं चांगली, सगळं तिथं. मला माझ्या लग्नाआधी जे कळायला हवं होतं ते सगळं मी त्या टपरीत बाटल्या मोजता मोजता ऐकलं. घरोघर दूध यायला लागलं तेव्हा आईला सगळ्यात जास्त आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण पहिले काही महिने ती साडेतीनला उठून गॅलरीत उभी राहायची. विचारलं तर म्हणायची, 'झोप लागणा नाय.'

ती आज नव्वदीची आहे, बाळ्याकडे असते. दिवाळीत बाळ्यानं तिला त्या बाटलीचा फोटो मोठा करून दाखवला आणि व्हिडिओ चालू करून विचारलं, 'आई, तेव्हाचं दूध कसं होतं गं?' ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, 'बाटली फुटली तर पैसे कापूत. ह्येका सांग, हळू धर.' बाळ्यानं तेवढा भाग कापून उरलेला ग्रुपवर टाकला.

आरेला अलीकडे मी गेले ते २०१९ मध्ये, माझ्या भाचीबरोबर. बाळ्याची मुलगी. मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली दोन हजारांवर झाडं तोडायची होती, आणि पोरं साखळी करून उभी होती. ती म्हणाली, आत्या, हे मुंबईचं जुनं जंगल आहे. मला हसू आलं, पण बोलले नाही. आम्ही शाळेच्या सहलीला इथल्या छोटा काश्मीर बागेत यायचो तेव्हा आरे म्हणजे सरकारची गोठ्याची वसाहत होती, नवी कोरी. शिक्षक सांगायचे, बघा, देश पुढं कसा जातो. आता ती जुनी झाली आणि तिच्यासाठी रडायला नवी पोरं आली. तिथं एका पाड्यावरची वारली बाई भेटली, साठीची. कॉलनी व्हायच्या आधी तिच्या सासऱ्यांची भातखाचरं कुठे होती ते तिनं हात करून दाखवलं. जिथं हात केला तिथं तबेला होता. तबेल्याच्या मागं पोलिसांची व्हॅन उभी होती. भाचीनं तिला विचारलं, तेव्हा कसं होतं? ती म्हणाली, बिबट्या यायचा. आणि झालं, पुढं काही नाही. भाची वाट बघत राहिली.

त्या वर्षी ऑक्टोबरात, रात्रीतून, झाडं पडली.

आमच्या केंद्राची टपरी आता चहा-वडापावची आहे. समोर चाळ होती तिथं टॉवर. त्याच्या फाटकापाशी संध्याकाळी दहा मिनिटांत सामान पोचवणारी पोरं उभी असतात, पाठीवर चौकोनी पिशव्या, आत दुधाचे पुडके. वर जायला त्यांची लिफ्ट वेगळी आहे, तिला रांग असते. एकाला मी विचारलं, कुठला रे तू? कणकवली, म्हणाला. आमच्या गावापासून तीन कोसांवर त्याचं घर. सकाळी किती वाजता सुरू करतोस, तर म्हणाला पाचला. मी म्हटलं, आमचंही साडेचार-पाचच. तो हसला, पण त्याचं लक्ष फोनकडे होतं, वेळ चालू होती.

गेल्या महिन्यात माझ्या वाढदिवसाला भाची आली. चोरबाजारातून माझ्यासाठी दुधाची जुनी बाटली शोधून आणली होती तिनं, कागदात गुंडाळून, सुतळीनं बांधून. जाड ओठाची, तशीच. किती पैसे दिले ते सांगायला तयार नव्हती, म्हणजे बरेच दिले असणार. म्हणाली, आत्या, यात मनी प्लांट लाव, किंवा बारीक दिव्यांची माळ सोड, छान दिसेल. मी बाटली हातात घेतली. वजन बरोबर होतं. ओठाची धार अंगठ्याला ओळखीची लागली. मी ती उलटी केली आणि ट्यूबलाइटसमोर धरली.

'काय बघतेस?'

तळाच्या कडेला पांढरट कडं होतं, पुसट, ढगासारखं. चुना असेल, रंग असेल, पन्नास वर्षांत कुणी काय भरलं असेल त्यात.

मी बाटली तिच्या हातात परत दिली. 'धुऊन आण,' म्हटलं.